डग बर्गम: सॉफ्टवेअर कंपनी विकून गव्हर्नर झालेला माणूस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'राज्य कंपनीसारखं चालवलं पाहिजे' असं म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याने २०१६ साली खरोखरच एका सॉफ्टवेअर कंपनीच्या माजी मालकाच्या हाती कारभार दिला आणि २०२० साली पुन्हा निवडून दिलं. आठ वर्षांत काय जमलं, कुठे घोडं अडलं, हे समजून घ्यायला हे उदाहरण बरं आहे. राज्य लहान आहे, त्यामुळे कोणी काय केलं हे गर्दीत हरवत नाही.

गव्हर्नर म्हणजे राज्यपालच ना?

नाही. अमेरिकेतला गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, अर्थसंकल्प मांडतो, खाती चालवतो, विधेयकांवर सही करतो किंवा ती फेटाळून परत पाठवतो. कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्यांच्या जवळचा. पण तो विधिमंडळाचा सदस्य नसतो. बहुमत गेलं म्हणून त्याची खुर्ची जात नाही, आणि सभागृहात त्याच्याच पक्षाचं बहुमत असलं तरी ते त्याचं ऐकेलच असं नाही.

नॉर्थ डकोटात आणखी एक गंमत आहे. ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी), कृषी आयुक्त, खजिनदार, लेखापरीक्षक, कर आयुक्त, विमा आयुक्त, शालेय शिक्षणाचा प्रमुख हे सगळे लोकांकडून वेगवेगळे निवडून येतात. गव्हर्नर त्यांना काढू शकत नाही. ज्याने आयुष्यभर आपले खातेप्रमुख आपण नेमले, त्याला पहिल्याच दिवशी हे असं मंत्रिमंडळ मिळतं.

राज्य केवढं आहे?

क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ७,७९,०९४, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नाशिक शहराच्या निम्म्याच्या आसपास. पूर्वेकडे गहू, सोयाबीन, सूर्यफूल. पश्चिमेकडे बाकेन पट्ट्यातलं तेल. राजधानी बिस्मार्क, सगळ्यात मोठं शहर फार्गो.

बर्गम मूळचे कोण?

जन्म १९५६ चा, आर्थर नावाच्या काहीशे वस्तीच्या गावातला. आजोबांनी १९०६ मध्ये तिथे धान्य साठवणुकीचा आणि खरेदी-विक्रीचा धंदा सुरू केला, तो घराण्यात चालत आला. डग शाळेत असतानाच वडील गेले. कॉलेजात असताना त्यांनी घरांची धुरांडी साफ करून द्यायचा व्यवसाय केला. मग स्टॅनफर्डमधून एमबीए आणि शिकागोत मॅकिन्झी या सल्लागार कंपनीची नोकरी.

१९८३ साली त्यांनी जे केलं ते ऐकून आपल्याकडची कुठलीही आई कपाळाला हात लावेल. वाट्याला आलेली १६० एकर जमीन गहाण टाकली, अडीच लाख डॉलर उभे केले आणि फार्गोतल्या ग्रेट प्लेन्स सॉफ्टवेअर नावाच्या नव्या कंपनीत घातले. कंपनी लहान-मध्यम धंद्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवायची. पुढच्याच वर्षी ते तिचे अध्यक्ष झाले. १९९७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सुमारे १.१ अब्ज डॉलरच्या शेअर्सना घेतली. बर्गम २००७ पर्यंत मायक्रोसॉफ्टमध्ये वरिष्ठ उपाध्यक्ष होते. सत्या नडेला त्यांचा उल्लेख आपल्या मार्गदर्शकांमध्ये करतात.

पुण्यात मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स जीपी या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या कोणाला हे नाव ओळखीचं वाटलं तर नवल नाही. त्या 'जीपी'चा अर्थ ग्रेट प्लेन्स.

राजकारणाचा काहीच अनुभव नव्हता, मग निवडून कसे आले?

पक्षाला बाजूला सारून. २०१६ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाने वेन स्टेनजेम यांना पाठिंबा दिला होता. स्टेनजेम २००० पासून ॲटर्नी जनरल होते आणि राज्यभर ओळखीचे. तिथल्या रिवाजाप्रमाणे अधिवेशनात हरलेल्याने गपचूप घरी जायचं असतं. बर्गम गेले नाहीत. स्वतःचे पैसे ओतून ते पक्षांतर्गत मतदानात उतरले आणि जून महिन्यात स्टेनजेम यांना चांगल्या फरकाने हरवलं. नोव्हेंबरची निवडणूक मग औपचारिकच होती; ७६ टक्क्यांहून जास्त मतं पडली.

तेलाचे भाव २०१४ नंतर कोसळले होते, राज्याच्या तिजोरीला भगदाड पडलं होतं आणि जुन्या मंडळींवर लोक वैतागले होते. वेळही त्यांच्या बाजूने होती हे मान्य करायला हवं. मात्र स्टेनजेम ॲटर्नी जनरल म्हणून तिथेच राहिले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गव्हर्नर झाल्यावर कंपनीतलं काय काय सोबत आणलं?

पेहराव, भाषा आणि स्लाइड्स. विधानसभेच्या सभागृहात ते जीन्स घालून आले म्हणून २०१७ मध्ये काही आमदार नाराज झाले. पगार घेणार नाही असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. सरकारी कर्मचाऱ्यांना 'टीमचे सदस्य' म्हणायला सुरुवात झाली, आणि 'सगळ्यांनी एक होऊन काम', 'नागरिक केंद्रस्थानी', 'वाढीची वृत्ती' अशी सूत्रं खात्याखात्यांत पोचली. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अव्वल कारकुनाला कोणी 'वाढीची वृत्ती' शिकवायला आलं तर तो काय म्हणेल, तेच तिथल्याही काही जुन्या कर्मचाऱ्यांच्या मनात आलं असणार.

तरी हे सगळं नुसतं सजावटीचं नव्हतं. माणसं निवडताना त्यांनी पक्षापलीकडे पाहिलं. राज्याचा मुख्य माहिती अधिकारी त्यांनी मेयो क्लिनिक या नामांकित रुग्णालयातून आणला.

त्यांचं सगळ्यात ठोस काम कोणतं?

माझ्या मते माहिती तंत्रज्ञान. ते आले तेव्हा खात्याखात्यांची संगणक व्यवस्था वेगळी होती: प्रत्येकाची आपली माणसं, आपले सर्व्हर, आपले कंत्राटदार. बर्गम यांनी ती एका छत्राखाली आणायला घेतली. २०१९ मध्ये विधिमंडळाने राज्याच्या आयटी खात्याला सायबर सुरक्षेच्या बाबतीत फक्त सरकारी खाती नव्हे, तर शहरं, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग), शाळा, न्यायालयं या सगळ्यांसाठी धोरण ठरवायचा अधिकार दिला. वीस विद्यार्थ्यांची खेड्यातली शाळा स्वतःच्या बळावर हॅकरशी लढू शकत नाही, हे साधं कारण त्यामागे होतं.

मार्च २०२३ मध्ये बर्गम यांनी सही केलेल्या कायद्याने बालवाडीपासून बारावीपर्यंत संगणक विज्ञान आणि सायबर सुरक्षा शिकवणं बंधनकारक झालं. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. इथे धंद्यातला अनुभव थेट कामी आला, कारण प्रश्न त्यांना आतून माहीत होता आणि वाटेत अडवणारा मोठा हितसंबंध नव्हता.

'मेन स्ट्रीट' उपक्रम काय होता?

शहरं बाहेर पसरवू नका, आतली भरा. थोडक्यात एवढंच. गावाबाहेर नवी वसाहत टाकली की रस्ता, पाण्याची लाइन, मलवाहिनी, बर्फ काढणारी गाडी, अग्निशमन केंद्र सगळं लांबवावं लागतं आणि दर घरामागचा खर्च वर्षानुवर्षं वाढत जातो. त्यापेक्षा मध्यवर्ती बाजारपेठेतल्या ओस पडलेल्या इमारती वापरात आणा. तरुण तिथे राहायला येतील, कामगार मिळतील. बर्गम आपले नकाशे घेऊन गावोगावच्या महापौरांना हे समजावत फिरले.

विचार पटण्यासारखा आहे. अडचण एवढीच, की २००६ पासून फार्गोच्या मध्यवस्तीत जुन्या इमारती घेऊन त्यांचा कायापालट करणारी किलबोर्न ग्रुप ही कंपनी बर्गम यांचीच. उपदेश करणारा आणि त्या उपदेशातून ज्याच्या मालमत्तेची किंमत वाढू शकते तो, एकच माणूस. टीकाकारांनी हे बोलून दाखवलं आणि ते रास्तच होतं.

उद्योजक माणूस, मग सरकारी कंपन्या विकल्या असतील?

नाही, आणि या कहाणीतला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

नॉर्थ डकोटा सरकारच्या मालकीची एक बँक आहे आणि एक पिठाची गिरणी आहे. गंमत नाही, खरंच. शंभर वर्षांपूर्वी मिनियापोलिसचे गिरणीमालक, रेल्वे आणि सावकार मिळून गव्हाचा भाव पाडायचे, मापात मारायचे, चढ्या व्याजाने कर्ज द्यायचे. शेतकऱ्यांनी १९१५ मध्ये नॉनपार्टिझन लीग नावाची संघटना काढली आणि बघता बघता विधिमंडळ ताब्यात घेतलं. १९१९ मध्ये बँक ऑफ नॉर्थ डकोटा निघाली, १९२२ मध्ये ग्रँड फोर्क्सला सरकारी गिरणी सुरू झाली. आपल्याकडे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना ज्या संतापातून उभा राहिला, त्याच जातीचा हा संताप. फक्त त्यांनी सहकारी संस्थेऐवजी थेट राज्यालाच मालक केलं.

बँक आणि गिरणी दोन्ही आजही चालू आहेत. दोन्हींवर तीन जणांच्या इंडस्ट्रियल कमिशनची देखरेख असते: गव्हर्नर, ॲटर्नी जनरल आणि कृषी आयुक्त. म्हणजे खासगी उद्योगाचे गोडवे गाणारे बर्गम आठ वर्षं एका सरकारी बँकेच्या आणि सरकारी पीठगिरणीच्या कारभारी मंडळाचे अध्यक्ष होते. विकायचा विषय त्यांनी काढला नाही. बँक स्थानिक बँकांशी स्पर्धा करत नाही, त्यांच्या मागे उभी राहते. गावातली बँक कर्ज देते, ही त्यात वाटा उचलते. २०२० च्या साथीत केंद्राने पगार टिकवण्यासाठी धंद्यांना जी कर्जं दिली, त्यांत दरडोई हिशेबाने नॉर्थ डकोटा अगदी पुढे होतं, कारण ही साखळी आधीपासून जुळलेली होती. चालता धंदा कोणी मोडत नाही, एवढी अक्कल उद्योजकाला असतेच.

विधिमंडळाशी त्यांचं का बिनसलं? दोन्ही सभागृहांत त्यांचाच पक्ष होता ना?

होता, आणि भलंमोठं बहुमत होतं. तरीही खरी लढाई तिथेच झाली.

नॉर्थ डकोटाचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरतं, विषम वर्षी, आणि जास्तीत जास्त ८० दिवस. आपल्यासारखं अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी असं काही नाही. त्यामुळे आमदार निघून गेल्यावरही पैशाची दोरी आपल्याच हातात राहावी, अशी तजवीज त्यांनी करून ठेवलेली असते: अमुक खर्चाला आमच्या बजेट समितीची मंजुरी घ्या, तमुक रक्कम आमच्या संमतीशिवाय हलवू नका. हे बर्गम यांना झेपेना. २०१७ मध्ये त्यांनी काही विधेयकांतले असे तुकडे व्हेटोने, म्हणजे फेटाळायच्या अधिकाराने, कापले. विधिमंडळ थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ मध्ये न्यायालयाने दोघांचेही कान धरले: गव्हर्नरने व्हेटोची मर्यादा ओलांडली, आणि समितीला असे अधिकार देणंही घटनेत बसत नाही.

दुसरा अंक जास्त रंगतदार. जेफ डेल्झर हे विधानसभेच्या खर्च समितीचे अध्यक्ष, मुठीत पैसा घट्ट धरणारे जुने आमदार. बर्गम यांच्या योजनांना त्यांची कात्री हमखास लागायची. २०२० मध्ये बर्गम यांनी एका राजकीय निधीला स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर दिले आणि त्या निधीने डेल्झर यांच्याविरुद्ध प्रचाराची राळ उडवली. जूनच्या पक्षांतर्गत मतदानात डेल्झर हरले. कंपनीच्या भाषेत सांगायचं तर नको असलेला संचालक गेला.

पण पुढे नियतीने वेगळंच वाढून ठेवलं होतं. त्या मतदारसंघातून दोघे निवडून येतात; डेल्झर यांना हरवणाऱ्या दोघांपैकी एक, डेव्हिड अँडाल, ऑक्टोबरमध्ये कोविडने वारले. मतपत्रिका छापून झाल्या होत्या, मतदान सुरू होतं, आणि मृत उमेदवार निवडून आला. रिकाम्या जागेवर आपण माणूस नेमणार असं बर्गम म्हणाले आणि कोळसा उद्योगातल्या एका अधिकाऱ्याचं नावही जाहीर केलं. ॲटर्नी जनरलचं मत उलट: हा अधिकार त्या मतदारसंघातल्या पक्षाच्या समितीचा. हे ॲटर्नी जनरल म्हणजे तेच स्टेनजेम. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, बर्गम हरले, आणि मतदारसंघाच्या समितीने जागेवर नेमलं कोणाला? जेफ डेल्झर यांना. २०२१ च्या अधिवेशनात ते पुन्हा खर्च समितीच्या अध्यक्षपदी.

स्वतःच्याच पक्षाच्या आमदाराला पाडायला गव्हर्नरने खिशातले पैसे वापरावेत का, यावर तिथे भरपूर चर्चा झाली. मला विचाराल तर ती बर्गम यांची सगळ्यात मोठी चूक होती. ज्याचं मन वळवायचं त्याला विकत घेऊन किंवा बदलून टाकायची सवय कंपनीत चालते. इथे मात्र वैर तेवढं शिल्लक राहिलं.

आदिवासी जमातींशी संबंध कसे होते?

सुरुवात वाईट. ते आले तेव्हा स्टँडिंग रॉक या जमातीच्या राखीव प्रदेशाजवळ डकोटा ॲक्सेस या तेलाच्या पाइपलाइनविरुद्ध आंदोलन पेटलेलं होतं, हजारो लोक नदीकाठी तळ ठोकून होते. नदीला वसंतात पूर येईल हे कारण देत फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्गम यांनी तळ रिकामा करायचा आदेश दिला आणि पोलिसांनी तो रिकामा केला. पाइपलाइनच्या बाजूने ते ठाम होते.

त्यानंतर मात्र त्यांनी चिकाटीने संबंध बांधले. राज्याशी नातं असलेल्या पाचही जमातींचे ध्वज २०१९ मध्ये राजधानीच्या इमारतीत, गव्हर्नरच्या कार्यालयाबाहेर लावले गेले. त्याच वर्षी तेलाच्या कराच्या वाटणीचा नवा करार कायद्यात आला, आणि राखीव प्रदेशातल्या ट्रस्ट जमिनीवरच्या (केंद्राने जमातीसाठी विश्वस्त म्हणून धरलेल्या) नव्या तेलविहिरींच्या करातला ८० टक्के वाटा जमातीकडे गेला. ध्वजापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. वाटाघाटीत बर्गम यांचा हात चांगला होता, हे यातून दिसतं.

कोविडच्या काळात काय केलं?

मे २०२० मधली त्यांची एक पत्रकार परिषद जगभर फिरली. मास्क घालणाऱ्यांची टिंगल चालली होती. त्यावर बोलताना, त्या माणसाच्या घरी कॅन्सरचे उपचार चालू असलेलं पाच वर्षांचं मूल असू शकतं, असं सांगताना त्यांचा गळा दाटून आला. पण सक्ती करायला ते तयार नव्हते. 'प्रत्येकाने आपली जबाबदारी ओळखावी' यावर भर होता. शरद ऋतूत दरडोई रुग्णसंख्येत राज्य देशात अगदी वर गेलं, रुग्णालयं भरली, आणि १३ नोव्हेंबरला रात्री उशिरा राज्यभर मास्कसक्ती जाहीर झाली. उशीर झाला होता.

तेलाच्या राज्यात कार्बन शून्यावर आणायची घोषणा कशी काय?

मे २०२१ मध्ये, तेलवाल्यांच्याच परिषदेत, त्यांनी सांगितलं की २०३० पर्यंत राज्य कार्बन-तटस्थ करू. तेल किंवा कोळसा कमी करायचा नाही. कार्बन पकडून जमिनीखाली खोल खडकांत साठवायचा. आदेश न काढता, फक्त ध्येय ठेवून बाजाराला पुढे ढकलायची ही पक्की उद्योजकी रीत. मात्र आयोवाकडून कार्बन आणणाऱ्या नळवाहिनीला जमीन द्यायला शेतकरी कुरकुरू लागले, आणि बर्गम यांचे नेहमीचे मतदार त्यांच्याविरुद्ध बोलू लागले.

हितसंबंधांचे आरोप झाले का?

झाले. २०१८ मध्ये एका वीज कंपनीच्या खर्चाने ते सुपर बोल हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना बघायला गेले. बोभाटा झाल्यावर सुमारे ३७ हजार डॉलर परत केले. त्याच नोव्हेंबरमध्ये मतदारांनी राज्यात नीतिमत्ता आयोग स्थापन करणारी घटनादुरुस्ती मंजूर केली.

सामाजिक प्रश्नांवर भूमिका काय?

बदलत गेली. २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर खेळाडूंवरचं बंदी विधेयक त्यांनी फेटाळलं. २०२३ मध्ये तशाच कायद्यांवर सही केली. त्याच वर्षी गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घालणाऱ्या कायद्यावरही. काही महिन्यांत ते राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले, तेव्हा लोकांनी काय अर्थ काढायचा तो काढला. पत्नी कॅथरिन यांनी मात्र स्वतःच्या व्यसनमुक्तीबद्दल उघडपणे बोलून राज्यात वेगळं, चांगलं काम उभं केलं.

एका डॉलरला वीस डॉलरचं कार्ड देणारे ते हेच का?

हेच. २०२३ मध्ये रिपब्लिकन वादविवादात उभं राहायला ४०,००० देणगीदार लागत होते. बर्गम यांना देशात कोणी ओळखत नव्हतं. म्हणून किमान एक डॉलर देणाऱ्याला वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड. अट पूर्ण झाली. वादविवादाच्या आदल्या दिवशी बास्केटबॉल खेळताना टाचेची शीर दुखावली, तरी मिलवॉकीच्या मंचावर एका पायावर भार देत उभे राहिले. डिसेंबरमध्ये माघार घेतली.

मग कारभार यशस्वी म्हणायचा का?

२०२३ मध्ये खालच्या गटाचा आयकर शून्यावर आला, एकूण करसवलत ५० कोटी डॉलरच्या वर गेली. पण त्यामागे तेलाचा पैसा होता, हे विसरून चालणार नाही. तेल उतरलं असतं तर हीच माणसं वेगळं बोलली असती. संगणक, शहरं, जमातींशी करार इथे गुण द्यायला हरकत नाही. विधिमंडळाच्या विषयात नापास.

आता ते कुठे आहेत?

जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी तिसऱ्यांदा उभं राहणार नाही असं जाहीर केलं. डिसेंबरमध्ये त्यांच्या जागी केली आर्मस्ट्राँग हे गव्हर्नर झाले. बर्गम फेब्रुवारी २०२५ पासून ट्रम्प सरकारात अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री आहेत. हे आपल्या गृहखात्यासारखं पोलिसांचं खातं नव्हे. राष्ट्रीय उद्यानं, केंद्राच्या ताब्यातली सरकारी जमीन, तिच्यावरचे तेल-खाणींचे परवाने आणि आदिवासी जमातींशी केंद्राचे व्यवहार त्याच्याकडे असतात.